निवडणुकीआधीचे वाचन

20 नोव्हेंबर 2024 ची सकाळ. मोताळा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर विधानसभेच्या मतदानाची रांग लागली होती. आमच्या नात्यातल्या एक फुफी, वय सत्तरीच्या पुढचे, नातवाचा हात धरून रांगेत उभ्या होत्या. त्याच वर्षी 26 एप्रिलला लोकसभेचे मत त्यांनी याच शाळेत दिले होते. पाऊण तासाने त्यांची पाळी आली. टेबलावरच्या माणसाने यादीची पाने पुढे-मागे चाळली आणि नाव नसल्याचे सांगितले. फुफी काही बोलल्या नाहीत. घरी येऊन ओढणी नीट केली, वजू केली आणि जुहरच्या नमाजला उभ्या राहिल्या. संध्याकाळी सुना-मुली एकमेकींच्या बोटावरची शाई पाहत होत्या, तेव्हा त्यांनी आपला हात पदराखाली घेतला.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. बुलढाणा विधानसभा मतदारसंघात विजयी आणि पराभूत उमेदवारांतले अंतर होते 841 मतांचे. त्याच दिवशी मालेगाव मध्यची जागा अवघ्या 162 मतांनी गेली. फुफींच्या एका मताने कुठलाच निकाल फिरला नसता, हे आम्हालाही कळते. तरी त्या रात्री आम्ही घरातल्या सगळ्यांना एक प्रश्न विचारला. यादी आधी कुणी पाहिली होती का? घरात दोन पदवीधर, पाच मोबाईल. उमेदवारांची पत्रके सगळ्यांनी वाचली होती, भाषणांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते, मोहल्ल्यात कोण कुणाकडे वळला याची बित्तंबातमी होती. यादी मात्र कुणीच पाहिली नव्हती.

हा लेख त्या रात्रीतून निघाला. निवडणुकीच्या दिवसांत कुणी वाचत नाही, त्या दिवसांत फक्त ऐकायचे असते. रस्त्यावर भोंगे लावलेले ऑटो फिरतात, नाक्यावर कॉर्नर सभा होतात. वाचायचे ते आधी, शांत महिन्यांत. म्हणून निवडणूक, प्रचार आणि मत या विषयांवर काय वाचावे, हे आम्ही गेले काही महिने स्वतः वाचून, घरात वाचून दाखवून ठरवले. यातली बरीच पुस्तके इंग्रजीत आहेत. ज्या घरात कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी ती वाचून रात्री जेवणानंतर घरच्यांना सांगावीत, ही आमची विनंती आहे.

आधी यादी

सर्वांत आधी मतदार यादीच वाचायची. ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि गावातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राचे काम पाहणाऱ्या शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकेकडे, पाहायला मिळते. आपल्या केंद्राची यादी घेऊन बसा आणि फक्त आपले नाही, तर आपल्या गल्लीतले प्रत्येक घर वाचा. तासाभराचे काम आहे.

आपल्या वऱ्हाडात हे काम थोडे अवघड आहे, ते आपल्या नावांच्या रीतीमुळे. इकडे आपल्यात शेख रशीद शेख हमीद, सैयद अमुक सैयद तमुक, मोहम्मद अमुक मोहम्मद तमुक असे मुलाचे आणि वडिलांचे नाव जोडून लिहितात. शाळेच्या दाखल्यावर 'शे.' असते, आधारवर 'शेख', रेशनकार्डावर दोन्ही गायब. संगणकाला आडनाव लागते, मग तो कधी 'शेख' आडनाव धरतो, कधी वडिलांचे नाव. बायकांचे त्याहून वेगळे. घरात ज्यांना सगळे जुलेखाबी म्हणतात त्या एका कागदावर जुलेखाबी, दुसऱ्यावर जुलेखा खातून, तिसऱ्यावर जुलेखा परवीन. लग्नानंतर घाटावरची मुलगी घाटाखाली येते, तेव्हा तिचे नाव माहेरच्या यादीत राहते आणि सासरच्या यादीत चढतच नाही. नाव दोन ठिकाणी निघाले तर एक वगळायचे असते, आणि कधी कधी नको तेच वगळले जाते.

यासाठी तीन नमुने लक्षात ठेवले तरी पुष्कळ. नवीन नावासाठी नमुना 6. नाव वगळण्यासाठी किंवा कुणाच्या नावावर हरकत घेण्यासाठी नमुना 7. दुरुस्ती आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना 8. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव आणायचे तर तो नमुना 8 चा अर्ज, हे आम्हालाही आत्ताच कळले. पूर्वी अठरा वर्षे पूर्ण झाली की नाही हे 1 जानेवारीलाच मोजायचे. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. घरात सतरा वर्षांचे मूल असेल तर कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. विधानसभा-लोकसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, तर ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. स्थानिक निवडणुकीत विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडली जाते, त्यामुळे नाव यादीत असूनही भलत्याच प्रभागात जाऊ शकते. प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हाच ते पाहायचे. दुसरी गोष्ट, यादीत नाव आहे पण आपल्या आधी कुणीतरी आपले मत देऊन गेले, असे केंद्रावर कळले तर मुकाट्याने परत येऊ नये. ओळख पटवली की कागदी मतपत्रिका मिळते, तिला टेंडर्ड वोट म्हणतात. ती बंद पाकिटात वेगळी ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेले तर तिला किंमत येते. फुफींचे प्रकरण वेगळे होते, त्यांचे नाव यादीतच नव्हते. त्यावर मतदानाच्या दिवशी काही इलाज नसतो.

यादी आली कुठून

या रुक्ष यादीमागे केवढा इतिहास आहे हे कळायला ऑर्नित शनी या अभ्यासक बाईंचे 'हाउ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक' हे 2018 चे पुस्तक वाचावे. आपल्या सर्व शिफारशींत आम्ही याला वरचे स्थान देतो. फाळणीची आग विझलेली नव्हती, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या, राज्यघटना लिहून व्हायची होती, आणि नोव्हेंबर 1947 पासूनच संविधान सभेच्या कचेरीने देशातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचे नाव लिहिण्याची तयारी सुरू केली होती. इंग्रजांच्या काळात शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण असेल त्यालाच मत होते आणि मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे होते. आता शेतमजूर, विणकर, मोलकरीण, सगळ्यांचे नाव एकाच यादीत येणार होते. ज्या कारकुनांनी तोवर फक्त सारा भरणाऱ्यांची नावे लिहिली होती, त्यांना हे पटवून देताना काय काय घडले, लोकांनी कशी पत्रे लिहिली, कचेरीने त्यांना कशी उत्तरे दिली, हे सारे शनीबाईंनी जुन्या फाइलींतून काढले आहे.

त्या पहिल्या यादीत मतदार होते 17 कोटींहून अधिक. पण तिच्यातून सुमारे 28 लाख बायकांची नावे गाळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले. कठोर वाटते, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका आपले नाव सांगायला लागल्या, ते या कठोरपणामुळेच. ही नावे मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातली होती. इथे आपल्या वाचकांनी एक क्षण थांबावे. 1951-52 च्या त्या पहिल्या निवडणुकीत आपला बुलढाणा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्रच नव्हता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1956 मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. गाळलेल्या त्या नावांत आपल्याकडची किती होती, हे त्या पुस्तकात नाही. पण आपल्या पणजीने, दादीने पहिल्यांदा आपले नाव कुणाला सांगितले असेल, याचा विचार करून पाहा. आमच्या घरी हा उतारा वाचला गेला तेव्हा फुफी समोरच होत्या. त्यांनी फक्त विचारले, "मग मी तर नाव सांगितलं होतं ना?"

पहिल्या निवडणुकीची चित्रे डोळ्यांपुढे उभी करायची तर रामचंद्र गुहांचे 'इंडिया आफ्टर गांधी' घ्या. त्याचा मराठी अनुवाद शारदा साठे यांनी केला आहे. पुस्तक जाडजूड आहे, सगळे वाचायची गरज नाही. पहिल्या निवडणुकीवरचे एक प्रकरण पुरेसे आहे. वीस लाख लोखंडी मतपेट्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह, कारण बहुतेक मतदारांना अक्षरओळख नव्हती. लहान मुलांना हे प्रकरण फार आवडते.

याच काळातले आणखी एक पुस्तक आपल्या वाचक भगिनींसाठी आहे. बेगम ऐजाज रसूल यांचे आत्मचरित्र, 'फ्रॉम पर्दा टू पार्लमेंट'. संविधान सभेत मुस्लिम स्त्री एकच होती, ती या बेगम. 1937 मध्ये त्या संयुक्त प्रांतात बिनराखीव जागेवरून उभ्या राहिल्या. पडदा न पाळणाऱ्या बाईला मत देऊ नये असे फतवे निघाले. तरी मतदारांनी त्यांना निवडून दिले. पुढे संविधान सभेत त्यांनी मुसलमानांसाठी वेगळ्या मतदारसंघांना विरोध केला. त्यांचे सर्वच म्हणणे आजच्या प्रत्येक वाचकाला पटेल असे नाही, पडद्याबद्दल तर घराघरात मतभेद होतील. होऊ द्यावेत. आपल्या राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बाईला उभे करून कारभार नवऱ्याने पाहायचा, ही रीत घाटावर आहे तशीच घाटाखालीही आहे. अशा घरात हे पुस्तक पोचावे. आणि एक गमतीची गोष्ट, या बेगम भारतातल्या महिला हॉकी संघटनेच्या अध्यक्षही होत्या.

आपल्यासारख्या एका गावाची गोष्ट

आता ज्या पुस्तकाने आम्हाला सर्वांत जास्त विचारात पाडले त्याबद्दल. मुकुलिका बॅनर्जी या मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचे 'कल्टिव्हेटिंग डेमोक्रसी' हे पुस्तक 2021 मध्ये आले. पश्चिम बंगालमधल्या मुस्लिम शेतकऱ्यांच्या खेड्यांत त्या पंधरा वर्षे जात-येत राहिल्या. गावांची खरी नावे त्यांनी दिलेली नाहीत. निवडणूक आली की सगळे पत्रकार गावात जातात. या बाई निवडणूक नसताना गेल्या. गावातले एक भानगडीचे प्रकरण, धानाची कापणी, बकरी ईदची कुर्बानी, आणि मग शेवटी निवडणूक, असा त्यांचा क्रम आहे.

त्यांचे म्हणणे असे की लोकशाहीला लागणाऱ्या सवयी मतदान केंद्रावर तयार होत नाहीत. कापणीच्या वेळी एकमेकांच्या शेतात राबताना, कुर्बानीत आपले प्रिय ते सोडताना आणि वाटे करताना, दुसऱ्याचा हक्क मोजायची सवय लागते. जनावराचे तीन वाटे करताना नातेवाईक आणि गरीब यांचा हिस्सा आपण हाताने वेगळा काढतो, तेव्हा आपण काय शिकत असतो, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. एका बिगर-मुस्लिम अभ्यासिकेने तो केला आणि इतक्या अदबीने लिहिला, याचे आम्हाला अप्रूप वाटले. भाषा थोडी अवघड आहे. कापणीचे आणि कुर्बानीचे प्रकरण आधी वाचा, बाकीचे मागाहून.

याच बाईंचे 2014 चे 'व्हाय इंडिया व्होट्स' हे तुलनेने सोपे. 2009 च्या लोकसभा निवडणुकीत अनेक राज्यांत एकाच वेळी अभ्यासक पाठवून त्यांनी लोकांना विचारले, तुम्ही मत का देता? उत्तरांत विकास आणि जाहीरनामे आहेतच. पण कितीतरी लोक सांगतात की त्या रांगेत जमीनदार आणि मजूर एकामागे एक उभे राहतात. हे वाचून आमच्या डोळ्यांपुढे दुसरीच सफ आली, ती कुठली ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

तीच यादी, दुसऱ्यांच्या हातात

शिवम शंकर सिंग या तरुणाने भारतीय जनता पक्षाच्या प्रचारात आकडेवारीचे काम केले आणि 2018 मध्ये ते सोडले. 2019 मध्ये त्याचे 'हाउ टू विन अॅन इंडियन इलेक्शन' आले. राग-लोभ फारसा न ठेवता त्याने आतली कामाची पद्धत सांगितली आहे. त्यात आम्हाला सर्वांत जास्त झोंबले ते हे की प्रचाराची सुरुवात मतदार यादीपासून होते. जी यादी आमच्या घरात कुणी उघडली नव्हती, ती पक्षांची माणसे ओळ न् ओळ वाचतात. नावावरून धर्म-जात ओळखतात, बूथप्रमाणे गट पाडतात, कुठल्या गल्लीत कुठला मेसेज पाठवायचा ते ठरवतात. हे एकच पक्ष करतो असे समजू नये. ज्याला जमते तो प्रत्येक जण करतो. कुणीतरी एक मेसेज लिहितो आणि शेकडो ग्रुपमधून तो आपल्या खालाजानच्या फोनवर येतो, तेव्हा तो त्यांच्यासाठीच लिहिलेला असतो. बातमी घेऊन आलेल्याची आणि बातमीची शहानिशा करावी, हा सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीतला हुकूम आपल्याला पाठ असतो. हे पुस्तक वाचले की तो हुकूम मोबाईल हातात घेताना आठवतो.

छापील कागदही निर्दोष नाही. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी पैसे घेऊन बातम्यांसारख्या दिसणाऱ्या जाहिराती छापल्या गेल्या. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये त्याचा पाठपुरावा केला. वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत तोच मजकूर शब्दशः कसा आला, हे त्यांनी दाखवून दिले. मग प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने 2010 मध्ये अहवाल लिहिला. कौन्सिलने तो आधी पूर्ण प्रसिद्ध केला नाही, माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये तो लोकांना मिळाला. तो फुकट वाचता येतो. वाचल्यावर एक खेळ घरी करून पाहा. निवडणुकीच्या आठवड्यातले दोन पेपर शेजारी ठेवा आणि कौतुकाच्या बातम्या ओळीने ताडून पाहा. आमच्या मुलांनी हा खेळ केला. काय सापडले ते इथे लिहीत नाही.

पाकिटाचा प्रश्न

मतदानाच्या आदल्या रात्री येणाऱ्या पाकिटावर उघड बोलले जात नाही, म्हणून इथे बोलतो. लीसा ब्यॉर्कमन या अभ्यासिकेचा 2014 चा एक निबंध आहे, 2012 च्या मुंबई महापालिका निवडणुकीतल्या पैशांवर. तिचे निरीक्षण असे की पैशाने मत विकत घेता येत नाही, कारण मत गुप्त असते आणि लोक दोघांचे घेऊन तिसऱ्याला देतात. पैसा वाटला जातो तो उमेदवाराची पोच, त्याची माणसे, त्याचा विश्वास दाखवायला. निबंध हुशारीचा आहे आणि वस्त्यांमधले व्यवहार त्यात खरे उतरले आहेत. पण समजून घेणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे. आमच्यासाठी पाकीट ही रिश्वत आहे, मग मत कुणालाही दिलेले असो. या बाबतीत उर्दू वाचणाऱ्यांनी मुफ्ती मुहम्मद शफी यांचे मताच्या शरई दर्जावरचे लिखाण वाचावे. ते एकेकाळी दारुल उलूम देवबंदचे मुफ्ती होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, पण हे लिखाण आपल्याकडेही वाचले जाते. मत ही शहादत आहे, सिफारिश आहे आणि वकालत आहे, असे तीन अंगांनी ते समजावतात. खोटी साक्ष देण्याचा गुन्हा आणि साक्ष लपवण्याचा गुन्हा, दोन्ही मतदाराला लागू होतात. ज्यांच्या घरात 'मत देऊन काय होणार' असे म्हणतात, त्यांच्यासाठी दुसरा मुद्दा आहे.

साक्ष द्यायची तर ज्याच्याबद्दल द्यायची त्याची माहिती हवी. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रावर लिहून द्यावे लागते. ही शपथपत्रे सर्वांना खुली असतात. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था ती 'मायनेता' या संकेतस्थळावर सोप्या तक्त्यात देते. 2022 पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. शपथपत्र वाचून झाल्यावर गावातून गेलेल्या गाड्या मोजा.

आपल्याबद्दल जे बोलले जाते

प्रत्येक निवडणुकीत 'मुस्लिम मते' असा शब्द येतो, जणू जिल्ह्यातली सगळी मते एकाच पोत्यात भरून ठेवली आहेत. हिलाल अहमद यांचे 'सियासी मुस्लिम्स' हे 2019 चे पुस्तक या समजुतीची चिरफाड करते. शेतकरी, विणकर, कारागीर, नोकरदार अशी आपली मते वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळीकडे जातात, इतरांची जातात तशीच. खामगावच्या कपाशीवाल्याचे आणि मेहकरच्या शिक्षकाचे दुखणे एक नसते. भारताचे पहिले मुस्लिम मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरैशी यांचे 'द पॉप्युलेशन मिथ' 2021 चे. लोकसंख्येवरून होणाऱ्या भाषणांना त्यात सरकारी आकड्यांनीच उत्तर आहे. 1992-93 च्या पाहणीत मुस्लिम स्त्रीमागे सरासरी 4.4 मुले होती, 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 2.4 च्या आसपास आला. हे आकडे सभेत ओरडण्यासाठी नाहीत, चहाच्या टेबलावर शेजाऱ्याला शांतपणे सांगण्यासाठी आहेत. याच कुरैशी साहेबांचे 'अॅन अनडॉक्युमेंटेड वंडर' हे निवडणूक यंत्रणेवरचे 2014 चे पुस्तक स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी तर घ्यावेच. 25 जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिवस त्यांच्याच कारकिर्दीत, 2011 मध्ये सुरू झाला.

धर्माच्या नावाने मते मागण्यावर कायदा काय म्हणतो, तेही माहीत हवे. मुंबईच्या सांताक्रूझमधल्या 1990 च्या निवडणुकीचा अभिराम सिंग खटला सर्वोच्च न्यायालयात 2017 पर्यंत चालला. सात न्यायाधीशांपैकी चौघांनी ठरवले की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. तिघांचे मत वेगळे होते. लोक आपली दुःखे आपल्या समाजाच्या नावानेच बोलतात, ती बोलायची कशी, हा त्यांचा सवाल होता. आम्हाला दोन्ही बाजूंत वजन वाटते. पण हा कायदा आपल्या व्यासपीठांनाही लागू आहे, हे विसरून चालणार नाही.

मराठीतले

मराठीत आधी यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ'. भोंगे आणि मोबाईल नव्हते तेव्हा प्रचार कसा चाले, ते त्यात आहे. 1946 पर्यंतच हे आत्मचरित्र येते, पण भाषा इतकी गोड की नववीतला मुलगाही वाचेल. परतवाड्यात जन्मलेल्या, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातल्या अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या सत्तेच्या आतल्या खोल्यांच्या आहेत. या दोन्हींवरून जब्बार पटेलांनी 1979 मध्ये 'सिंहासन' चित्रपट केला. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांनी निदान तो पाहावा. रंगनाथ पठारेंचे 'ताम्रपट' धीर असणाऱ्यांसाठी. रा. रं. बोराडेंची 'आमदार सौभाग्यवती' मात्र हसत हसत वाचून होते आणि नंतर टोचत राहते. सुहास पळशीकर आणि नितीन बिरमल यांनी संपादित केलेले 'महाराष्ट्राचे राजकारण : राजकीय प्रक्रियेचे स्थानिक संदर्भ' हे अभ्यासाचे पुस्तक वाचनालयात मागून घ्यावे. राज्याचे राजकारण मुंबईतून नव्हे, जिल्ह्यांतून कसे घडते ते त्यातून समजते.

मुस्लिम मराठी लेखकांनी निवडणुकीवर लिहिलेली कादंबरी आम्ही शोधत आहोत. वाचकांना माहीत असेल तर जरूर कळवावे.

शेवटी परदेशातले एकच. रॉबर्ट कॅरो यांचे 'मीन्स ऑफ असेंट', 1990 चे. 1948 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये लिंडन जॉन्सन हे पक्षाच्या उमेदवारीची लढत 87 मतांनी जिंकले. मतदान होऊन काही दिवस उलटल्यावर एका छोट्या गावातल्या पेटी क्रमांक 13 मध्ये आणखी 202 मते निघाली. त्यातली 200 जॉन्सन यांची. यादीत ही नावे एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, आणि वर्णक्रमाने लिहिलेली होती. मतदार जणू बाराखडीप्रमाणे रांगेत उभे राहिले होते. हाच माणूस पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. कॅरोंनी हे सगळे वर्षानुवर्षे कागद तपासून लिहिले, आणि गुप्तहेर कथेसारखे वाचले जाते. आमच्या घरात हे पुस्तक तीन रात्री चालले. तिसऱ्या रात्री फुफींनी विचारले, "ती यादी शेवटी पाहिली कुणी?"

फुफींचा अर्ज आम्ही निवडणुकीनंतर भरला. नाव का गेले याचे कारण कुणी नीट सांगितले नाही. वगळलेले असल्याने नमुना 6 पुन्हा भरावा लागला, सोबत आधार आणि रेशनकार्ड. नाव कसे लिहायचे यावर घरात अर्धा तास मशवरा झाला. फुफींनी स्वतःच ठरवले, जसे त्या सांगतात तसेच, शेवटच्या 'बी'सकट. बीएलओ बाई घरी येऊन सही घेऊन गेल्या. काही आठवड्यांनी नवीन कार्ड पोस्टाने आले. फुफींनी ते कुरआन शरीफच्या रेहलशेजारच्या डब्यात ठेवले आहे. मात्र यादी आली की नाव पुन्हा पाहायचे, हे काम त्यांनी नातवाकडे दिले आहे, आणि दर तीन महिन्यांनी त्या त्याला आठवण करतात.